आरपीएम चढत नाही: पंखा बदलायचा की कार्बोरेटर उघडायचा?

जून-जुलैची मासेमारीबंदी संपते, होडी पाण्यात उतरते आणि थ्रॉटल पूर्ण पिळला तरी आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावलेलं इंजिन, ४,५०० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) अडून बसतं. किनाऱ्यावर लगेच दोन सल्ले मिळतात: पंखा (प्रोपेलर) बदल किंवा कार्बोरेटर साफ कर. दोन्ही खर्चाचे. दोन्ही एकदम करायची पाळी मात्र क्वचितच येते.

खिशात हात घालण्याआधी एक आठवा. हेच इंजिन, याच पंख्यावर, एवढ्याच वजनाला पूर्वी नीट फिरत होतं का? फिरत असेल तर पंख्याचा पिच (एका फेरीत तो कागदोपत्री जितकं पुढे सरकतो ते अंतर) दोन महिन्यांत आपोआप वाढलेला नाही. पाती वाकलेली नाहीत आणि बुडाला शेवाळ-शिंपले धरलेले नाहीत एवढं बघा. तेही ठीक असेल तर इंजिनाचीच ताकद घटली आहे. उलट पहिल्या दिवसापासूनच आकडा कमी असेल, किंवा होडी रिकामी असताना चढतो आणि माणसं बसली की बसतो, तर पंखा जड आहे.

पंखा

पिच १ इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ५,००० ते ६,००० लिहिलंय आणि भरलेली होडी १३ पिचवर ४,७०० ला थांबते असं धरा. ११ चा पंखा जेमतेम ५,००० गाठून देईल, म्हणून मी १० चा बघेन. मात्र तो लावल्यावर होडी रिकामी पळवून आकडा वरच्या मर्यादेबाहेर जात नाही ना, हे तपासा. वेग किंचित घटेल, पण जड पंखा घेऊन फिरणं म्हणजे चौथ्या गिअरमध्ये घाट चढणं. इंजिन तक्रार करत नाही, आतून झिजतं.

एक गल्लत नेहमी होते. आरपीएम भरपूर पण होडी हलत नाही, ही वेगळी तक्रार आहे. त्यात पंख्याचं आतलं रबरी बूश घसरत असतं किंवा पंखा हवा ओढत असतो.

इंधन आणि ठिणगी

पेट्रोल दोन महिने तसंच राहिलं तर त्यातला हलका भाग उडून जातो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, चिकट थर बसतो. त्यात आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषून घेतं. पण जेटपर्यंत जाण्याआधी फुकटच्या तपासण्या आहेत. दुसऱ्याला सुकाणू देऊन पूर्ण थ्रॉटलवर इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहा. आरपीएम चढले तर दोष नळी, फिल्टर किंवा इंधनपंपात आहे. मग इंजिन बंद करून झाकण काढा आणि हँडल पूर्ण पिळल्यावर थ्रॉटलचा खटका शेवटपर्यंत जातो का बघा. केबल सैल पडली असेल तर दुरुस्ती पान्याची आहे, पैशांची नाही. प्लग काढून पाहा: एखादा ओला, काळा निघाला तर तो सिलिंडर कामच करत नाही.

इंजिन दोन-तीन हजारांवरच अडलं आणि बझर वाजत असेल तर दोन्ही सल्ले सोडा. ते गरम झालंय किंवा तेल कमी आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते का बघा आणि इंजिन बंद करा.

आरपीएम दाखवणारा टॅकोमीटर नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा मीटर आधी घ्या. कानाने ३०० आरपीएमचा फरक ओळखणारे मी पाहिलेत, पण ते चुकतानाही पाहिलेत.

चुकलेल्यांत मीही आहे. माझी होडी पहिली पाच-दहा मिनिटं मस्त पळायची, मग मंदावायची. मी ११ चा पंखा विकत आणला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद होता, हे तो पंखा बसवल्यानंतर कळलं.