एक खिळा, सात पंक्चर

हायवेवर पंपाच्या कडेला गाडी थांबली की पंक्चरवाल्याचा पोरगा स्वतःहून येतो. "साहेब, मागचा टायर बसलाय." बघावं तर बसल्यासारखा वाटतोही, रेडियल टायर भरलेला असला तरी खाली जरा फुगलेलाच दिसतो. गाडीमालक म्हणतो, "बघ जरा." अर्ध्या तासात हजार-दीड हजार जातात.

सुरुवात हवेचा दाब मोजायच्या गेजपासून होते. गेज वॉल्व्हवर तिरकं धरलं की पिन दाबलेली राहते आणि मोजता मोजताच हवा सुटते. बहुतेक छोट्या गाड्यांना थंड टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय लागतात. नेमका आकडा सहसा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर असतो. तासभर पळालेल्या टायरमध्ये तो तीन-चारने वाढलेला दिसायला हवा. तेव्हा गेज आपल्या हातानं लावावं. गरम टायरही स्टिकरपेक्षा खाली असेल तर गळती खरी.

खरा खेळ साबणाच्या पाण्याचा. एका हातात ब्रश, दुसऱ्या मुठीत बारीक टोचा. खाचेतले खडे काढण्याच्या निमित्तानं टोचा आत जातो, लगेच वर फेस, की बुडबुडे आलेच. बुडबुडे खोटे नसतात, म्हणूनच माणूस गप्प बसतो. अशी एकाची सात पंक्चर होतात, पंक्चरमागे २०० रुपये म्हटले तरी सातांचे १४०० झाले. शहरात एका ट्यूबलेस पंक्चरला साधारण १०० ते १५० पडतात.

ओळखायचं कसं? खऱ्या पंक्चरमध्ये बहुधा खिळा, स्क्रू किंवा तारेचा तुकडा सापडतो. टोच्याच्या भोकात काहीच नसतं. आणि सात उघडी भोकं घेऊन टायर पंपापर्यंत आलाच नसता. खिळा रुतलेला ट्यूबलेस मात्र हळूहळू उतरतो, कारण खिळाच भोक बुजवून धरतो. म्हणून तो वाटेत उपटू नये. हवा भरून, वेग कमी ठेवून ओळखीच्या दुकानापर्यंत बहुतेक वेळा जाता येतं. टायर झपाट्यानं उतरत असेल तर सरळ स्टेपनी लावावी.

पैशापेक्षा टायरचं नुकसान मोठं. भोक बुजवायला रबरी दोरी घालतात, त्याआधी ते भोक कानशीसारख्या सळईनं मोठं करतात, त्यात आतल्या पोलादी पट्ट्याच्या तारा तुटतात. पुढे पाणी शिरतं, तारा गंजतात, ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा थर, सुटायला लागतो. दुरुस्ती फक्त मधल्या ट्रेडमध्ये आणि ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाची. खांद्याला, म्हणजे ट्रेडच्या कडेला, किंवा बाजूच्या भिंतीला दोरी घालून "चालतंय" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असलेल्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. अशा गाडीवाल्यांची हायवेवर जास्त अडचण होते. हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप आणि स्वतःचं गेज डिकीत असावंच.

चाक खोलायला दिलंच तर शेजारी उभं राहा. फेस मारण्याआधी हात मोकळे दाखवायला सांगा, पहिलं भोक सापडलं की खडूनं खूण करा आणि दुसरं शोधू देऊ नका. वॉल्व्हवर ओलं बोट फिरवून तिथली गळती आधी बघा. तिथली पिन बदलायला किरकोळ पैसे लागतात. दोऱ्या आधीच पडल्या असतील तर टायर रिमवरून उतरवून आतून तपासून घ्या. भोकं जवळजवळ असतील तर तो टायर हायवेला नेऊ नका.