काळ्या तिळांची चिनी लापशी आणि केसगळती

सिंगापूरच्या चायनाटाउनमधल्या वनौषधींच्या दुकानात जाऊन केसांसाठी काय खावे असे विचारले, की विक्रेता बहुधा दोन वस्तू समोर ठेवतो: काळ्या तिळांच्या लापशीची पूड आणि ‘हे शौ वू’ नावाच्या मुळाचे वाळवलेले काप. बाळंतपणानंतर केस गळू लागलेल्या किंवा तिशीतच भांग रुंदावलेल्या अनेक मराठी मैत्रिणी इथे मला या दोन्हींबद्दल विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. लापशीचे दोन प्रकार मी नियमित खाऊन पाहिले आहेत. मुळाचे काप मात्र जाणीवपूर्वक घेतले नाहीत.

चिनी वैद्यकात केस हे रक्ताचे शेष मानले जातात आणि मूत्रपिंडाचे बळ केसांच्या तेजात दिसते, असे सांगितले जाते. तिथल्या पंचतत्त्वांच्या मांडणीत मूत्रपिंडाचा संबंध जलतत्त्वाशी आणि काळ्या रंगाशी आहे. त्यामुळे काळे तीळ, काळे सोयाबीन, काळा तांदूळ आणि तुतीची पिकलेली फळे यांना केसांच्या आहारात मानाचे स्थान मिळाले, आणि अक्रोडही मूत्रपिंडाला बळ देणारा म्हणून त्यांच्या पंगतीत आला. दुकानातल्या वयस्क विक्रेत्याने मला तेलाविषयी काहीच विचारले नाही. झोप कशी लागते, पाळीत रक्तस्राव किती होतो आणि हातपाय गार पडतात का, एवढेच विचारले. केसगळतीकडे संपूर्ण शरीराच्या अंगाने पाहण्याची ही रीत मला मनापासून आवडली.

आता प्रत्यक्ष मालाविषयी. पहिला प्रकार म्हणजे छोट्या पुड्यांची तयार लापशी. वाडग्यात पूड घालून वरून उकळते पाणी ओतायचे आणि भराभर ढवळायचे; पाणी नुसते गरम असेल तर गुठळ्या होतात आणि त्या चमच्याने कितीही दाबल्या तरी आतून कोरड्याच राहतात. चव छान लागते, पण ती बरीचशी साखरेची असते. वेष्टनावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, आणि मी घेतलेल्या पाकिटावर तांदूळ व साखर यांच्यानंतर तिळाचा क्रमांक होता. दुसरा प्रकार म्हणजे निव्वळ भाजलेल्या काळ्या तिळांची, बिनसाखरेची भरड. तिचे झाकण उघडताच खमंग वास येतो, बोटांना तेल लागते आणि जिभेवर किंचित कडवटपणा रेंगाळतो. भिजवलेला तांदूळ बारीक वाटून त्यात ही भरड घालावी आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे, म्हणजे गडद काळी, चकचकीत, चमच्यावरून सावकाश ओघळणारी लापशी तयार होते. खाल्ल्यावर चूळ भरावी, कारण दातांच्या फटींत काळे कण राहतात. माझी पसंती निःसंशय या दुसऱ्या प्रकाराला आहे. भारतात हीच भरड घरी सहज करता येईल. फक्त वाण्याकडून काळे तीळच घ्यावेत, कारळे नव्हेत.

केसांना याचा उपयोग किती? 100 ग्रॅम तिळांत सुमारे 14 मिलिग्रॅम लोह, 17 ग्रॅम प्रथिने आणि बऱ्यापैकी जस्त असते. म्हणजे 20 ग्रॅम भरडीतून जेमतेम 3 मिलिग्रॅम लोह मिळते, तर भारतीय स्त्रीसाठी रोजची शिफारस 29 मिलिग्रॅमची आहे. शिवाय तिळांतील फायटेट या नैसर्गिक घटकामुळे त्यातलेही सगळे लोह अंगी लागत नाही. सोबत संत्रे किंवा पेरू खाल्ल्यास शोषण सुधारते. ज्यांचे केस लोहाच्या किंवा प्रथिनांच्या कमतरतेमुळे गळत आहेत, त्यांच्या आहारात ही लापशी चांगली भर घालील, परंतु रक्ततपासणीत हिमोग्लोबिन व फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) कमी आढळल्यास डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची जागा ती घेऊ शकत नाही. आनुवंशिक टक्कल संप्रेरकांच्या परिणामामुळे पडते; तिथे तिळांकडून अपेक्षा ठेवू नये. पिकलेले केस काळे होतील, हा पाकिटावरच्या चित्रातून सुचवलेला दावाही मला मान्य नाही. नाश्ता म्हणून मात्र ती उत्तम आहे आणि दुपारपर्यंत भूक लागू देत नाही. तिळांची ॲलर्जी असलेल्यांनी ती अर्थातच टाळावी.

‘हे शौ वू’ची गोष्ट गंभीर आहे. कच्च्या मुळाचे काप तांबूस तपकिरी असतात आणि त्यांवर ढगांसारखी नक्षी दिसते. काळ्या सोयाबीनच्या काढ्यात शिजवून संस्कारित केलेले काप काळपट होतात. केसांसाठी परंपरेने संस्कारित मूळच वापरतात, परंतु या मुळामुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2006 मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता, आणि खुद्द चीनने 2014 मध्ये आरोग्यपूरक खाद्यांसाठी कच्च्या मुळाची मर्यादा दिवसाला 1.5 ग्रॅम, तर संस्कारित मुळाची 3 ग्रॅम ठरवली. सिंगापुरात चिनी वैद्यांना नोंदणी बंधनकारक आहे. ज्यांना हे मूळ घ्यायचेच आहे, त्यांनी अशा नोंदणीकृत वैद्याकडे जावे आणि यकृताचा आजार असेल किंवा इतर औषधे चालू असतील तर ते आधी सांगावे. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक तिळाच्या पुडींत हे मूळ मिसळलेले असते, त्यामुळे भरड घेताना घटकांच्या यादीत तिळांखेरीज दुसरे काहीही नाही याची खात्री करूनच पैसे द्यावेत.