घरगुती कोविड-फ्लू चाचणी संच : चाचणी चांगली, माहितीपत्रक अपुरे

कोविड-19, इन्फ्लुएंझा ए आणि इन्फ्लुएंझा बी या तिन्ही विषाणूंचा शोध एकाच नमुन्यातून घेणारा घरगुती अँटिजेन (म्हणजे विषाणूची प्रथिने ओळखणारा) चाचणी संच गेल्या फ्लूच्या हंगामात आमच्या घरी बराच वापरला गेला. घरात शाळेत जाणारी मुले आहेत आणि सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे ताप आलेल्या माणसाला नेमके काय झाले आहे हे लवकर कळणे आम्हाला गरजेचे होते. चाचणी म्हणून संच चांगला आहे. निगेटिव्ह उत्तर आल्यावर काय करायचे हे सांगण्यात मात्र तो कमी पडतो, आणि घरी केलेल्या चाचणीने घात होण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक असते.

खोक्यात प्रत्येक चाचणीसाठी बंद पाकिटातील कॅसेट, निर्जंतुक स्वॅब, द्रावण भरलेली नळी आणि थेंब पाडण्याचे टोपण असते. स्वॅबचे टोक मऊ आहे, त्यामुळे मुलांनीही फारशी कुरकुर न करता नमुना देऊ दिला. नळीचे प्लास्टिक लवचीक असल्याने ती बाहेरून दाबून स्वॅब नीट पिळता येतो. ही बारीक गोष्ट वाटेल, पण नमुन्यातील विषाणूचे कण द्रावणात किती उतरतात हे या पिळण्यावर बरेच अवलंबून असते. थेंब टाकताना पहिला थेंब पुष्कळदा बुडबुडा होऊन येतो. तो मोजला तर कॅसेटवर द्रावण कमी पडते. नळी सरळ उभी धरून सावकाश दाबावी, असे एक वाक्य पत्रकात असते तर बरे झाले असते.

कॅसेटमधील पट्टीवर द्रावण पसरत जाते आणि त्यात विषाणूची प्रथिने असतील तर रंगीत कणांना जोडलेली प्रतिपिंडे त्यांना पकडून ठरलेल्या जागी अडकवतात, तिथे रेषा उमटते. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीचे तंत्रही हेच आहे. ‘सी’ या खुणेपुढची नियंत्रण रेषा उमटली नाही तर चाचणी बाद समजायची, हे पत्रकात ठळक अक्षरांत दिले आहे. त्या रेषेची मर्यादा मात्र कुठेच सांगितलेली नाही. द्रावण पट्टीवरून नीट वाहिले आणि पट्टीतील रसायने काम करत आहेत, एवढेच ती रेषा सांगते. स्वॅब नाकात पुरेसा फिरला होता की नाही, हे तिला कळत नाही. घाईघाईने नाकपुडीच्या कडेला टेकवलेल्या स्वॅबवरही नियंत्रण रेषा सुरेख उमटते आणि पाहणाऱ्याला वाटते की चाचणी बिनचूक झाली.

माझ्या यजमानांना ताप आला, अंग मोडून आले आणि कोरडा खोकला सुरू झाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी केली. पंधरा मिनिटे झाल्यावर ‘ए’पुढे केसाइतकी बारीक, फिकट गुलाबी रेषा होती, कॅसेट दिव्याखाली तिरपी धरल्यावरच ती स्पष्ट दिसली. ठरलेल्या वेळेत दिसलेली रेषा कितीही फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच धरायची, हे पत्रकात चित्रासह समजावले आहे आणि ते उत्तम जमले आहे. वेळ उलटून गेल्यावर दिसणारी करडी छटा मात्र ग्राह्य धरायची नसते, म्हणून गजर लावूनच बसावे. त्याच दिवशी डॉक्टरांनी ओसेल्टामिव्हिर सुरू केले. फ्लूवरचे हे औषध लक्षणे दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते, आणि ती मुदत हातातून जाऊ न देणे हा या संचाचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. सासूबाईंना लगेच वेगळ्या खोलीत झोपवता आले, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि रुग्णाजवळ जाणाऱ्याने मास्क लावायचे ठरले. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू लागतो, त्यामुळे उशिराने केलेले विलगीकरण अर्धेच कामाचे असते.

आता मुख्य तक्रार. निगेटिव्ह निकालाखाली पत्रकात मोठ्या अक्षरांत ‘विषाणू आढळला नाही’ एवढेच छापले आहे. लक्षणे असतील तर 48 तासांनी चाचणी पुन्हा करावी, ही सूचना मागच्या पानावर, साठवणुकीच्या नियमांखाली, बारीक टाइपात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या अँटिजेन चाचण्यांसाठी किमान 80 टक्के संवेदनशीलता (लागण झालेल्यांना पॉझिटिव्ह ठरवण्याचे प्रमाण) आणि 97 टक्के विशिष्टता (लागण नसलेल्यांना निगेटिव्ह ठरवण्याचे प्रमाण) अपेक्षित धरली आहे. म्हणजे जेमतेम या निकषावर उतरणारी चाचणी लागण झालेल्या शंभरांपैकी वीस जणांना निगेटिव्ह ठरवू शकते. आजाराच्या पहिल्या दिवशी नाकातील विषाणूचे प्रमाण कमी असते, तेव्हा हुकण्याची शक्यता आणखी वाढते. खोकत असलेला माणूस एका निगेटिव्ह उत्तराच्या भरवशावर वृद्ध आईला किंवा नवजात बाळाला भेटायला गेला, तर त्या बारीक टाइपाची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.

पॉझिटिव्ह उत्तराचीही एक बाजू आहे. साथ नसताना, कुणालाही लक्षणे नसताना, केवळ खात्रीसाठी हजार जणांनी चाचणी केली आणि त्यांपैकी दहा जणांनाच लागण झालेली असली, तर वरील निकषानुसार आठ खरे पॉझिटिव्ह सापडतील आणि सुमारे तीस निरोगी माणसेही पॉझिटिव्ह दिसतील. साथ जोरात असताना ताप-खोकला असलेल्या माणसाची तीच चाचणी कितीतरी अधिक भरवशाची ठरते. म्हणून लक्षणे असताना किंवा रुग्णाच्या निकट संपर्कात आल्यावरच हा संच वापरावा, असे माझे मत आहे.

या संचाला तीनच विषाणू कळतात, हेही पत्रकाने ठणकावून सांगायला हवे होते. ताप आणि घसादुखी आहे, खोकला नाही, टॉन्सिल सुजून त्यावर पांढरे ठिपके आले आहेत, अशा वेळी स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संशय घ्यावा लागतो. त्याची चाचणी वेगळी असते आणि त्याला प्रतिजैविक लागते. उपचार न झाल्यास पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. तापाबरोबर लाल डोळे, वाहते नाक, खोकला आणि मग चेहऱ्यापासून खाली उतरणारे पुरळ ही गोवराची लक्षणे आहेत. गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत बंद खोलीच्या हवेत राहू शकतो, म्हणून अशा मुलाला दवाखान्यात नेण्याआधी फोन करून कळवावे, म्हणजे त्याला इतर मुलांपासून दूर बसवता येते. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरी ठेवायचे असते. यांपैकी कोणत्याही आजारात हा संच निगेटिव्हच दाखवील, आणि तापाचे कारण सापडले नसतानाही घरच्यांचा जीव भांड्यात पडेल.

रेषा काहीही सांगो, धाप लागणे, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर पडणे, मान ताठरणे, रुग्ण गुंगीत असणे किंवा बराच वेळ लघवी न होणे यांपैकी काही दिसले तर चाचणीत वेळ घालवू नये, सरळ रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांहून लहान बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल तर तेवढेही कारण पुरेसे आहे. फ्लू निघालेल्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा रे सिंड्रोम उद्भवू शकतो.

साठवणूक सोपी आहे : 2 ते 30 अंशांत ठेवायचे, गोठू द्यायचे नाही, आणि फ्रिजमधून काढल्यास खोलीच्या तापमानाला आल्यावरच वापरायचे. अशा संचांच्या द्रावणात सोडियम अझाइडसारखी विषारी रसायने असू शकतात, म्हणून नळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि द्रावण त्वचेला लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे. कॅसेटवरच्या ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा फिकट करड्या रंगात छापल्या आहेत आणि सासूबाईंना चष्मा लावूनही त्या वाचता येत नाहीत. त्या काळ्या रंगात हव्यात.

ज्या घरात वृद्ध, गरोदर स्त्री किंवा जुनाट आजार असलेली व्यक्ती आहे, त्यांनी साथीच्या दिवसांत हा संच घरी ठेवावा. घेताना एका व्यक्तीमागे किमान दोन चाचण्या धराव्यात, कारण पहिली निगेटिव्ह आली आणि लक्षणे कायम राहिली तर 48 तासांनी दुसरी हाताशी लागते. आमच्याकडच्या प्रत्येक खोक्याच्या झाकणावर मी ही सूचना मार्कर पेनने ठळक लिहून ठेवली आहे. उत्पादकाने ती पहिल्या पानावर, निकालाच्या चित्राशेजारीच छापावी.