फाउंड्रीसाठी छतावरचं सोलर की गदगची पवनवीज?

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे भागात फाउंड्री असेल, तर शेडवर सोलर बसवून देणारे आणि गदगकडच्या पवनचक्क्यांत भागीदारी देऊ करणारे, असे दोघेही तुमच्याकडे येऊन गेले असतील. निर्णय घेण्याआधी भट्टीचा हिशेब मांडा.

इंडक्शन फर्नेसमध्ये टनभर लोखंड वितळवायला साधारण 600 ते 700 युनिट लागतात. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे अजून सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे टनामागे चारशे किलोच्या वर!

100 किलोवॉटच्या सोलरला जवळपास 10,000 चौरस फूट छप्पर लागतं आणि त्यातून दिवसाला सरासरी 400 युनिट मिळतात. भट्टीची एक टनाची हीट, म्हणजे एका वेळचं वितळण, तेवढंसुद्धा त्यात निघत नाही. मेल्टिंग रात्रपाळीत असेल तर प्रश्नच मिटला. शिवाय वाळूची आणि लोखंडाची बारीक धूळ पॅनेलवर बसते, पहिल्या सरीनंतर तिचा तांबूस थर धरतो आणि नुसता पाइप मारून तो जात नाही. मशीन शॉपचं मात्र वेगळं: लेथ, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), कॉम्प्रेसर दिवसा चालतात, व्हीलिंग चार्ज (दुसऱ्याच्या तारांवरून वीज आणायचं भाडं) नाही, कुणाची भागीदारी नाही. तिथे सोलर बिनदिक्कत बसवा.

पवनवीज रात्रीही येते आणि आपल्याकडे ढग दाटतात त्या जून ते सप्टेंबरमध्येच सर्वाधिक येते. भट्टीला हीच जुळते. 2003 च्या वीज कायद्यात स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करायची मुभा आहे. 2005 च्या नियमांनुसार वापरणाऱ्यांचा मिळून किमान 26 टक्के मालकी हिस्सा हवा आणि वर्षाच्या विजेपैकी किमान 51 टक्के त्यांनीच वापरायला हवी. हे पाळलं तर क्रॉस सबसिडी सरचार्ज, म्हणजे वितरण कंपनी सोडून दुसरीकडून वीज घेतल्याबद्दलचा अधिभार, लागत नाही. पण गटातल्या इतरांच्या ऑर्डरी आटल्या आणि 51 टक्के भरले नाहीत, तर तो बोजा तुमच्यावरही येतो. मला खरी जोखीम इथे दिसते.

हिस्सा न घेता नुसती हरित वीज विकत घेण्याचा रस्ताही होता. केंद्राच्या 2022 च्या नियमांनी त्यासाठीची किमान वीजभाराची मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली आणि लहान फाउंड्रीलाही दार उघडलं. डिसेंबर 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले. म्हणून कोल्हापूरच्या पाहुण्यांनी केलं तसंच आपणही करू, असं धरून चालू नका. तिकडचा वीज नियामक आयोग वेगळा, इकडचा वेगळा. सही करण्याआधी केईआरसीचा, म्हणजे कर्नाटकच्या आयोगाचा, ताजा आदेश वाचाच.

काहीच न करता हेस्कॉमवर, म्हणजे आपल्या भागाच्या वीज वितरण कंपनीवर, राहिलं तर? भारतात हवामानाचा एकच असा कायदा नाही. ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली आणि तिच्या आधारे वीज वितरण कंपन्यांना अक्षय ऊर्जेचा वाटा 2024-25 मधल्या 29.91 टक्क्यांवरून 2029-30 पर्यंत 43.33 टक्क्यांवर न्यायचं बंधन आलं. ओपन ॲक्सेसवाले (ग्रिडमधून थेट दुसऱ्या उत्पादकाची वीज घेणारे) आणि स्वतःची वीज बनवणारेही त्यात आले. त्यामुळे ग्रिडची वीज हळूहळू स्वच्छ होईल. पण कास्टिंगमागे कार्बन किती, हे गिऱ्हाईक आजच विचारतंय, त्याला 2030 चं उत्तर देऊन कसं चालेल?

ऑर्डरी बारमाही असतील तर भट्टीसाठी पवनवीज घ्या, मशीन शॉपवर सोलर बसवा. ऑर्डरी वरखाली होत असतील तर फक्त सोलर. पवनविजेच्या करारात, 51 टक्के हुकले तर सरचार्ज कोण भरणार, हे कलम स्पष्ट लिहून घ्या. आणि शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर आधी छप्पर पेलणाऱ्या कैच्या इंजिनिअरकडून तपासून घ्या.