पद्मिनी की अँबॅसिडर? आधी गालिचा उचला

जुनी गाडी बघायला गेलं की बहुतेक जण पहिल्यांदा बॉनेट उघडतात. या दोन गाड्यांच्या बाबतीत आधी पायाखालचा गालिचा उचलावा. इंजिनं दोन्हींची साधी आहेत, पन्नाशीपुढचा कुठलाही मिस्त्री ती डोळे मिटून खोलेल. पैसे खातो तो पत्रा. ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, दोन्हींना नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दाराखालची पट्टी आतून गंजली असेल, तर नुसतं डेंटिंग-पेंटिंग करून भागत नाही. मालकाची परवानगी घ्या, जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडून-मिटून बघा. दार अडकलं तर बॉडी वाकतेय, किंमत न विचारताच निघा.

गंजाच्या बाबतीत पद्मिनी जास्त नाजूक. दारांचा तळ, चाकांवरच्या कमानी, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, सगळीकडे पाणी साचतं. अँबॅसिडरचा पत्रा जाड, पण तोही अमरपट्टा घेऊन आलेला नाही. शिवाय गाडी मोठी, म्हणून रंगकामाचं बिलही मोठं.

रस्त्यावर दगा कोण देतं? पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११०० डी, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन हलकं आणि उत्साही, पण त्याचं हेड, म्हणजे वरचं झाकण, अॅल्युमिनियमचं. रेडिएटरमधलं पाणी कमी झालेलं लक्षात आलं नाही की हेड वाकतं, गॅस्केट जातं. एप्रिल-मे महिन्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी मध्येच बंद पडते. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघत बसलेली फियाट ज्यांनी पाहिली नाही, त्यांचं बालपण फुकट गेलं म्हणायचं! यावर इलाज आहे: रेडिएटर नीट साफ करून घेणं आणि इलेक्ट्रिक पंप बसवणं. मूळ रूपाचा आग्रह धरणारे नाकं मुरडतील, मुरडू द्या.

अँबॅसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत बनत होती. जुन्या १४८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, त्यामुळे थोडी उपेक्षा सहन होते. ऑइल मात्र ठिबकणारच. इंजिनाच्या मागच्या टोकाची रचनाच तशी आहे. खाली पुठ्ठा टाका आणि दर आठवड्याला ऑइल मोजायची डिपस्टिक बघा. पुढच्या चाकांच्या सांध्यांना वेळेवर ग्रीस न मिळाल्यास स्टिअरिंग ओढायला दोन हात आणि एक पाय लागतो. स्टिअरिंगला जोडलेल्या गिअरच्या दांड्याचे बुश दोन्ही गाड्यांत झिजतात, पण ते किरकोळ काम.

माझं मत विचाराल तर रोज चालवायला १९९२ नंतरची, जपानी इसुझू इंजिनाची १८०० अँबॅसिडर घ्यावी. पाच गिअर आणि हायवेवर दम. तिला ‘क्लासिक’ म्हणायला जाणकार कचरतात, पण तुम्हाला घरी परत यायचंय ना?

सुट्या भागांसाठी मुंबईकराला पद्मिनी सोपी. कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात नाना पेठ, इथे फिरलं की बरंच मिळतं. अँबॅसिडरचं माहेर कोलकात्याचा मल्लिक बाजार. जुन्या मार्क वन, मार्क टू मॉडेलांची पुढची जाळी किंवा क्रोमच्या पट्ट्या हव्या असतील तर वर्षभराचा धीर ठेवा.

पद्मिनी घेताना दाराच्या बिजागरीजवळचा रंग थोडा खरवडून बघा. खाली काळा-पिवळा निघाला तर ती टॅक्सी होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली, त्यामुळे अशा गाड्या रंग बदलून विकायला येऊ शकतात. इंजिन असेल धडधाकट, पण बॉडीने तिन्ही पाळ्या भोगलेल्या असतात.

कागदपत्रांत इंजिन आणि चासी नंबर जुळतात का, आरसीवर पेट्रोल आहे की डिझेल, हे गाडीशेजारी उभं राहून ताडून घ्या. ५० वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या नियमानुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. रविवारी नाश्त्याला मिसळ खायला जायचं असेल तर साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी वाढवत राहिलेली बरी.

गाडी उघड्यावर, समुद्राजवळ उभी राहणार असेल तर पद्मिनीचा नाद सोडा. बंद गॅरेज आणि जवळपास एखादा जुना फियाटवाला मिस्त्री असेल, तर मात्र तीच घ्या. छोट्या गल्लीत ती अँबॅसिडरपेक्षा कितीतरी सहज वळते.