साताऱ्याच्या बामणोली रोडवरचा घरगुती मुक्काम – ॲडव्हान्स परत करणारी माणसं

आम्ही सांगलीचे. नोव्हेंबरात दोन रात्री इथं राहून आलो, पाच जण, त्यात सासूबाई आणि सातवीतला मुलगा. पण ह्या घराबद्दल लिहायचं तर 2020 पासून सांगावं लागेल, ओळख तेव्हाची, राहायचा योग आत्ता आला.

2020 च्या मार्चअखेर वासोटा किल्ला करायचा म्हणून दोन ठिकाणी ॲडव्हान्स भरलेला, इथं दोन हजार आणि दुसऱ्या एका हॉटेलात सहा हजार. आणि लॉकडाऊन लागला. हॉटेलवाले आधी व्हाउचर देतो म्हणाले, नंतर फोनच उचलेनात. इथल्या दादांचा मात्र एप्रिलमध्ये स्वतःहून फोन, की हजार आत्ता पाठवतो, हजार भात निघाल्यावर देतो. मी म्हटलं राहू द्या हो, तुमचीच अडचण चाललीय, तर म्हणाले, "ताई, तुमी आलाच न्हाय, मग ते पैसं आमचं कसं?" दिवाळीनंतर दुसरे हजार आले. ज्या घरात तेव्हा पाव्हण्यांचा एक रुपया येत नव्हता त्या घरातून आले, हे मी विसरूच शकत नाही.

ह्या भागाचं सगळं गणित कास पठारावरच्या फुलांवर. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात एवढाच हंगाम, आणि 2012 ला युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून गर्दी एवढी की दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घालावी लागली. 2020 ला पठार बंदच राहिलं. म्हणजे पठारावर राखण करणारी पोरं, नाश्त्याच्या टपऱ्या, जीपवाले, बोटवाले सगळे एकदम रिकामे. त्यात मुंबईला माथाडी काम करणारे घरातले लोक गावी परत आलेले, खाणारी तोंडं वाढली. आणि जरा सावरतंय तोवर 2021 चा जुलै! महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस, पाटणकडं आंबेघर, मिरगावला दरडी, ह्यांच्याकडं रस्ता खचला आणि लाईट कित्येक दिवस नाही. आम्हा सांगलीकरांना पुराचं वेगळं सांगायला नको, 2019 आणि 2021 दोन्ही बघितलेत, आणि कोयनेचं हेच पाणी कराडला कृष्णेत मिळून आमच्या दारात येतं. त्यामुळं वहिनी चुलीपाशी बसून हे सांगत होत्या तेव्हा सासूबाईंचे डोळे भरून आले.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची वही. साधी शाळेची दोनशे पानी, लाल पेनानं रकाने आखलेले: बोट, वाटाड्या, जेवण, जीप. प्रत्येक रकान्यात वस्तीतल्या घरांची पाळी लिहिलेली. आमच्या दुसऱ्या दिवशीचं जेवण शेजारच्या काकूंकडं होतं, का, तर त्यांची पाळी. कोविडच्या आधी ज्याच्या दारात गाडी थांबेल त्याचंच सगळं असायचं, बाकीचे बघत बसायचे. आता आठ-नऊ घरांत पैसा फिरतो. आणि प्रत्येक पाव्हण्यामागं पन्नास रुपये बचत गटाच्या डब्यात, ते पैसे आजारपण नाहीतर रस्ता बंद पडला तरच काढायचे. शिवाय मुंबईहून परत आलेल्या धाकट्या दिरांनी पडीक खाचरं पुन्हा लावलीत, म्हणजे पाव्हणा नाही आला तरी भात-नाचणी घरात आहे. मला वाटतं असं टिकायची तयारी मोठमोठ्या रिसॉर्टकडंसुद्धा नसेल, कारण तिथं खोली रिकामी राहिली की आधी कामावरच्या पोराला घरी पाठवतात.

जेवणाबद्दल काय सांगू. वहिनी नाचणीची भाकरी परातीत थापून तव्यावर टाकायच्या, वरून पाण्याचा हात फिरवायच्या, मग निखाऱ्यावर उभी धरायच्या, टम्म फुगायची. सोबत कुळथाची आमटी, खर्डा, धरणातला ताजा मासा तव्यावर परतलेला. मुलानं घरी कधी नाचणी खाल्ली नव्हती, इथं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

वासोट्याचं वनखात्याचं परमिट आणि बोट दोन्ही त्यांनीच जुळवून दिलं. बोटीला साधारण दीड तास लागतो, सकाळी लवकर निघा, कारण गड सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, मुक्काम चालत नाही, संध्याकाळच्या आत परतावं लागतं. प्लॅस्टिक नेऊच नका. सासूबाई गडावर आल्या नाहीत, आजींबरोबर शेंगा फोडत बसल्या आणि खूश होत्या.

कमी सांगायची तर, गाद्या पातळ आहेत, कंबरदुखीवाल्यांनी आधी सांगून ठेवा, दुसरी गादी देतात. एका खोलीचं बाथरूम बाहेर आहे, रात्री म्हाताऱ्या माणसांना जड जातं, तिथं एक दिवा तरी लावा अशी दादांना विनंती केलीय. वळणावर बोर्ड नाही, आम्ही दीड किलोमीटर पुढं गेलो. रेंज जाते-येते त्यामुळं रोख पैसे साताऱ्यातूनच काढून न्या.

आणि कृपा करून सगळे सप्टेंबरच्या शनिवार-रविवारीच जाऊ नका. यवतेश्वरच्या घाटात तासन्‌तास अडकाल आणि त्यांच्याकडंही त्या दोन दिवसांत खोली नसते, मंगळवारी मात्र सगळ्या मोकळ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, थंडी मस्त असते, सकाळी शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यावर, धुकं बसलेलं असतं. रेटही घासाघीस करून पाडू नका, दोन वेळचं जेवण धरून जे सांगतात ते रास्तच आहे.

पाच पैकी पाच स्टार. आम्ही फेब्रुवारीत परत चाललोय, माझ्या भावाची फॅमिली पण येतेय. ॲडव्हान्स पाठवते म्हटलं तर दादा म्हणाले नको, आल्यावर द्या. मी दोन हजार पाठवलेच.