बाळंतविड्याची लोकर: तुळशीबागेलगतच्या एका दुकानाचा अनुभव

भाचीच्या बाळंतविड्यासाठी स्वेटर, टोपडे आणि पायमोजे स्वतःच्या हाताने विणायचे ठरवले, तेव्हा पुण्यात तुळशीबागेलगतच्या, जेमतेम दोन गिऱ्हाइके उभी राहतील एवढ्याशा जुन्या दुकानातून लोकर घेतली. दुकानातील काकूंनी रंग दाखवण्याआधी बाळ कोणत्या महिन्यात होणार, हे विचारले आणि एप्रिल म्हणताच मेरिनो या उबदार लोकरीच्या गुंड्या बाजूला सारून सुती-अ‍ॅक्रिलिक मिश्रणाचा मऊ धागा पुढे ठेवला. महागडा माल गळ्यात न मारणारे दुकानदार आता विरळाच. हा धागा ४ मिलिमीटरच्या सुयांवर चांगला बसतो, सुटलेला टाका सहज उचलता येतो आणि उसवून पुन्हा विणला तरी त्याला फारशी लव सुटत नाही, हे उजवी बाही दोनदा उसवावी लागल्यामुळे मी खात्रीने सांगू शकते.

तक्रार एकच, पण ती लहान नाही. एक गुंडी कमी पडली म्हणून पंधरा दिवसांनी गेले, तेव्हा त्याच रंगाची म्हणून दिलेली गुंडी दुसऱ्या लॉटची, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेल्या खेपेतली निघाली, आणि पिस्ता रंगातला तो फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नव्हे, तर घरी आल्यावर उन्हात दिसला. शेवटी त्या गुंडीचे पायमोजे झाले. वेष्टनावरील लॉट क्रमांक ताडून सर्व गुंड्या एकदमच घ्याव्यात, कारण न उघडलेली गुंडी हे दुकान विनातक्रार परत घेते. बटणे मात्र शेजारच्या गल्लीत अधिक चांगली मिळतात.